जिभेखालचा शब्द

एका राज्यात पाणी गोड होते, माती काळी होती आणि राजा प्रेमळ होता. आणि त्या राज्यावर जे संकट आले, ते राजाच्या प्रेमातूनच आले.

राजाचे नाव सोमकीर्ती, राणीचे नाव मेदिनी. त्यांचा थोरला मुलगा कुवलय एके सकाळी राजवाड्यातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर फुलपाखरामागे धावत होता. पाय ओले होते. तो घसरला आणि पायरीचा कोपरा त्याच्या कानशिलाला लागला. रक्ताचा थेंबही आला नाही. पोर उठले, हसले, "आई, लागलं नाही मला," म्हणाले, आणि दिवस मावळायच्या आत गेले.

तेव्हापासून राजा कोपऱ्यांना भिऊ लागला. त्याने पाथरवट बोलावून राजवाड्यातली प्रत्येक पायरी गोल करून घेतली. तलवारींच्या धारा बोथट करवल्या. घोडे रानात सोडून दिले. पुढे राणीला दुसरा मुलगा झाला, तेव्हा नगरात साखर वाटली गेली. पण राजा मात्र पाळण्याशेजारी बसून राहिला आणि बाळाच्या अंगावर येणाऱ्या वाऱ्याकडेसुद्धा संशयाने पाहू लागला.

अशा वेळी दरबारात धूम्रकेश आला. हा निळ्या डोंगरातला जादूगार. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, धूर होता. वारा आला की तो धूर छतापर्यंत जाई आणि वारा पडला की पुन्हा खाली येऊन डोक्यावर बसे.

"राजा, काय हवं?" धूम्रकेशाने विचारले.

"माझ्या मुलाला कधी काही लागू नये."

"एकट्या तुझ्याच मुलाला?"

राजाने खिडकीतून नगराकडे पाहिले. प्रजेलाही मुले होती. "माझ्या राज्यात कुणालाच काही लागू नये."

"पुन्हा विचार कर."

"केला. मोबदला सांगा."

"वेगळं काही नको. तुझ्या राज्यातून जे जाईल, ते माझं."

दुखणे जाणार, तर खुशाल जावो, असे राजाच्या मनात आले. तो म्हणाला, "न्या."

धूम्रकेशाने एक लांब श्वास आत ओढला. खिडक्यांतून काहीतरी निघून गेले. ते माणसांना दिसले नाही. नगरातल्या कुत्र्यांनी मात्र माना वर करून त्याला जाताना पाहिले.

पहिला दिवस नवलाचा गेला. एक पोर आंब्याच्या शेंड्यावरून पडले आणि माती झटकून पुन्हा झाडावर चढले. लोहाराचा घण त्याच्याच अंगठ्यावर आला. लोहाराने अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि तो खदखदून हसला. बैलाने गुराख्याच्या पोटात शिंग मारले आणि शिंगच केळीच्या पानासारखे वाकले. लोकांनी राजाच्या नावाने ढोल वाजवले. काट्यांतून अनवाणी नाचले.

मग दिवेलागणीची वेळ झाली, आणि दिवा लागेना.

गारगोटीची ठिणगी वातीवर पडे आणि वात तिच्यापासून तोंड फिरवी. चुलीतल्या लाकडाला आग लागेना. अंधारात बसलेल्या लोकांना आढळले की कुणाला भूक लागलेली नाही. कुणाला तहान लागलेली नाही. ते आडवे झाले, आणि कुणालाच झोप लागेना. सारे नगर उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत पडून राहिले.

सकाळी नदीवरून हाका आल्या. होड्या किनाऱ्याला लागत नव्हत्या. घाट हाताच्या अंतरावर येई आणि होडी वळून पुन्हा मधल्या धारेत जाई. आंब्यांना मोहोर आला, झडला, फळ एकही लागले नाही. राजाने हुकूम काढला की नगारा वाजला की सर्वांनी जेवावे. लोक भिजवलेले धान्य खात, आणि ते गोड लागत नसे, कडू लागत नसे, कसलेच लागत नसे. घाबरून काही जण परमुलखात निघाले. पण त्यांना रस्ता लागेना. जो जो निघाला तो दिवसभर चालून आपल्याच दाराशी परत आला.

पण सगळ्यांत भयंकर गोष्ट कुजबुजत घडली. कुणाला कुणाचा लळा लागेना. शेजारीण शेजारणीला विचारी, "हे मूल कुणाचं?"

"माझं."

"असं होय," ती म्हणे, आणि दोघी दुसरीकडे पाहत.

राणी मेदिनीच्या बाळाला भूक नव्हती, म्हणून ते दूध ओढत नव्हते. दाया कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवर थेंब सोडत. थेंब गालावरून ओघळून जात. बाळ रडत नव्हते, हसत नव्हते. दिवसेंदिवस ते हलके होत चालले होते. राणी पाळण्याशी उभी राहून त्याला पाही आणि तिच्या मनात काहीच हलत नसे. तिला एवढेच ठाऊक होते की आपण याची आई आहोत, आणि आई असताना असे असू नये.

ती राजाकडे गेली. "महाराज, आपण त्या जादूगाराकडे काय मागितलंत?"

राजाने शब्द न शब्द सांगितला. सांगताना त्याचा आवाज सपाट होता. "माझं चुकलं असावं," तो म्हणाला, "पण त्याचं वाईट वाटत नाही, राणी. वाटायला हवं, नाही का?"

"हवं," राणी म्हणाली. "मी ते परत आणते."

राजवाड्याच्या अंगणात उंबर होता. त्याच्या शेंड्यावर एक हिरवा हरियल पक्षी येऊन बसे. हरियलाचे पाय जन्मात कधी जमिनीला लागत नाहीत, म्हणून शापाला त्याच्याकडून घेण्यासारखे काही नव्हते. राणी झाडाखाली उभी राहिली, तेव्हा तो बोलला.

"राणी, रस्ता शोधू नकोस. तो लागणार नाही. जमिनीकडे न बघता माझ्याकडे बघत चाल. मी तुला शिवेपर्यंत नेतो."

"बाळाला बरोबर घेऊ?"

"आभाळाकडे बघत चालशील तर ते हातातून पडेल. आणि तुझं एक नेशील, बाकीच्या घरांतली?"

राणीने बाळ राजाच्या हाती दिले आणि ती निघाली. मान वर, नजर त्या हिरव्या ठिपक्यावर. पायाखाली काय येते ते तिने पाहिले नाही. ती बाभळीच्या बनातून गेली आणि काटा रुतला नाही. खडकांवरून गेली आणि खरचटले नाही. नदीतून गेली आणि गारठा जाणवला नाही. जणू ती चालत नव्हती, तिचे चित्र चालत होते.

शिवेवर शेंदूर फासलेला दगड होता. तिने तो ओलांडला आणि पलीकडे पहिले पाऊल टाकले. त्या पावलाला काटा लागला.

राणी किंचाळली. मग ऊन लागले. मग तहान लागली, अशी की जीभ टाळ्याला चिकटली. मग कितीतरी दिवसांची भूक एकदम लागली आणि तिने पोट धरले. आणि मग कुवलय पायरीवरून उठून हसला, "आई, लागलं नाही मला," म्हणाला, आणि तिच्या छातीत काहीतरी उभे चिरत गेले. त्यापाठोपाठ पाळण्यातले बाळ तिला आठवले. ओढ लागली. पान्हा फुटला, चोळी भिजली, आणि ती दगडाला मिठी मारून रडू लागली.

"मला परत जाऊ दे," ती हरियलाला म्हणाली. "ते तिथे एकटं आहे. आत्ता कळलं मला."

हरियल शिवेवरच्या वडावर बसला होता. "परत जा. पण हे सगळं या दगडापाशी राहील. तिथे पोचशील तेव्हा तुला पुन्हा काही वाटणार नाही."

राणीने काटा उपसला, ती ओढ्याचे पाणी प्यायली आणि तिने निळ्या डोंगराची वाट धरली. हरियल तिथूनच मागे फिरला.

धूम्रकेश डोंगराच्या दारात बसला होता.

"कोण?"

"मेदिनी. सोमकीर्तीची राणी. आमच्या राज्यातून आणलेलं परत न्यायला आले."

"मी चोरी केली नाही, बाई. मला दिलं होतं."

"ठाऊक आहे. म्हणून मागायला आले आहे."

धूर थोडा हलला. "तीन कामं करावी लागतील. पहिलं हे. समोरच्या डोहाचा तळ आजवर कुणाला लागला नाही. तिथली मूठभर माती आण."

डोहाच्या काठावर झाडांना शेकडो दोर बांधलेले होते आणि त्यांची टोके पाण्यात सुटी तरंगत होती. राणीने एक दोर कमरेला बांधला आणि बुडी मारली. दोर ताणला गेला, संपला. खाली अजून काळोखच होता. तिने दुसरा, त्याहून लांब दोर घेतला. तोही तिथेच संपला. तेव्हा तिच्या ध्यानात आले की काठाला बांधलेल्या माणसाला हा डोह तळ देत नाही.

तिसऱ्या खेपेला तिने दोर बांधलाच नाही.

ती खोल, आणखी खोल गेली. तिथे पाणी आपल्याच उजेडात चमकत होते. तळाशी सोन्याचे ढीग होते. मुकुट होते, आणि मुकुटांत कवट्या होत्या. हाडांच्या मुठींनी कंठे धरून ठेवले होते. एक पाचूचा हार आपणहून वर आला आणि मांजरासारखा तिच्या गळ्याशी घोटाळू लागला. राणीने डोळे मिटले. पायाने सोने बाजूला सारत सारत ती खाली रेटत गेली, आणि सोन्याच्या खाली, मऊ, थंड, तळ तिच्या पावलांना लागला. तिने मूठ भरली. त्याबरोबर तळानेच तिला वर ढकलले.

धूम्रकेशाने तिच्या मुठीतला चिखल हुंगला. "ही तिथलीच. आता आत ये."

आत एका दालनात मोठी वीणा ठेवली होती. तिच्याभोवती गवई बसले होते, बायका आणि पुरुष, सगळे दगडाचे, तोंडे उघडी.

"या वीणेशी ज्याचा सूर लागतो तो पुढे जातो," धूम्रकेश म्हणाला. "हे थोर गवई होते. यांचे सूर सुंदर होते. पण लागले नाहीत."

राणी गवई नव्हती. तिला एक अंगाई तेवढी येत होती, कुवलयासाठी रचलेली, आणि तो गेल्यापासून तिने ती म्हटली नव्हती. तिने तार छेडली आणि गायला सुरुवात केली. आवाज फाटला. तिने गळा साफ केला, राणीला शोभेल असा स्वर काढला, आणि तिच्या बोटांची नखे दगडाची झाली. थंडपणा मनगटाकडे चढू लागला.

तेव्हा तिने शोभण्याचा नाद सोडला. डोळे मिटून, पायरीवर पडलेल्या मुलाला मांडीवर घ्यावे तशी बसून, ती त्या फाटक्याच आवाजात गात राहिली. जिथे हुंदका आला तिथे तो येऊ दिला. आणि मधल्या कुठल्याशा ओळीवर वीणेच्या सगळ्या तारा, कुणी न छेडता, एकदम तिच्याबरोबर वाजल्या.

सूर लागला होता. राणीची दगड झालेली नखे पुन्हा नखे झाली. दगडी गवयांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि जिथून ते वाहिले तिथला दगड कातडी झाला. एक म्हातारी गायिका पाय चोळत उठली, तिने राणीच्या कपाळाला हात लावला, आणि एकेक करून सगळे दारातून बाहेर पडले.

धूम्रकेश त्यांना जाताना पाहत राहिला. मग त्याने तिसरे दार उघडले.

त्या कोठीत चांदीच्या करंड्यात ते ठेवले होते. अंड्याएवढे, आणि धडधडणारे. राणीने वाकून पाहिले. त्याच्या आत घाटाला लागणारी होडी होती. कैऱ्यांनी लगडलेली फांदी होती. झोपलेल्या माणसाचा चेहरा होता, जळणारे घर होते, बाण होता, देव्हाऱ्यातली ज्योत होती. एकच शब्द होता तो. साऱ्या राज्याचे जगणे त्या एका शब्दाने एकमेकांशी जोडलेले होते, आणि राणीने तो आयुष्यभर दिवसातून कितीदा तरी उच्चारला होता, त्याच्याकडे कधी न पाहता.

धूम्रकेशाने तिच्या हाती सोन्याचा चिमटा दिला. "मी निर्दय नाही, बाई. हवं ते निवडून घे. नको ते माझ्याकडे राहू दे. भूक ने, झोप ने, लळा ने. ठेच, दृष्ट, आग, सगळं मला ठेव. तुझ्या नवऱ्याला हेच तर हवं होतं."

राणीने चिमटा घेतला. तिने चिमट्याने लळा ओढला. तो लाल धाग्यासारखा बाहेर आला आणि हवेत येताच दवासारखा विरला. तिने घाईने तो आत ढकलला. मग तिने उलट केले. सगळे तसेच ठेवून एकच काळा कण शोधून काढला. तो दगडाचा होता, एका कोपऱ्याएवढा. तो कुठल्या पायरीचा, हे तिला कुणी सांगायला नको होते. तिने तेवढा एकच बाहेर काढला.

धडधड थांबली. होडी थांबली, ज्योत थांबली, झोपलेल्या चेहऱ्याचा श्वास थांबला.

राणी बराच वेळ चिमटा हातात धरून उभी राहिली. आपल्या मुलाचा जीव घेणारा कण होता तो. मग तिने तो स्वतःच्या हाताने, हळूच, परत जागेवर ठेवला. धडधड पुन्हा सुरू झाली.

"अख्खं नेते," ती म्हणाली.

"मग जिभेखाली धर. पोळेल. ज्याच्यासाठी तू हा शब्द पहिल्यांदा उच्चारशील, त्याच्यापासून तो तुमच्या राज्यात सुरू होईल. त्याआधी तोंड उघडलंस तर तो इथे परत येईल."

राणीने तो निखारा उचलला आणि तोंडात ठेवला. धूम्रकेश तिच्यासाठी पहिल्यांदाच उठून उभा राहिला. तेवढ्यात दारातून वारा आला, त्याच्या डोक्यावरचा धूर उडून गेला, आणि या खेपेला तो खाली आला नाही. एक टक्कल पडलेला म्हातारा रिकाम्या करंड्याकडे पाहत राहिला.

परतीच्या वाटेवर जीभ भाजत होती, डोळ्यांतून पाणी येत होते, आणि राणी ओठ घट्ट मिटून चालत होती. उतारावर तिला दगडाची ठेच लागली. अंगठ्याचे नख निघाले. मोळी घेऊन चाललेल्या एका म्हातारीने मोळी खाली टाकली आणि ती धावत आली.

"अगं बाई! फार लागलं का गं?"

किती साधा प्रश्न होता! उत्तर ओठांवर येऊन थांबले. राणीने नकारार्थी मान हलवली. म्हातारीने पदराची चिंधी फाडून अंगठा बांधला. "मुकी दिसतेस पोरी," ती म्हणाली. "जा. सावकाश जा."

शिवेचा दगड ओलांडताना राणी थबकली, कारण आता ओढ जाईल याची तिला भीती होती. पण शब्द तिच्या जिभेखाली होता आणि ओढ तशीच राहिली. आता तिला रस्ता शोधायचा नव्हता. ओढ पावलांना नेत होती. साऱ्या राज्यात जिला दुखत होते अशी ती एकटीच होती.

संध्याकाळी ती राजवाड्यात पोचली. राजा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. बाळाचे डोळे अर्धे मिटले होते. दायांनी कापूस बाजूला ठेवून दिला होता.

राजाने तिच्या रक्ताळलेल्या पायाकडे पाहिले, मिटलेल्या ओठांकडे पाहिले आणि तो समजला.

"आणलंस," तो म्हणाला. "पण राणी, तू बोललीस की सगळं परत येईल. ताप येईल. कोपरे येतील. याला आत्ता काहीच दुखत नाहीये."

राणी त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"मला काही वाटत नाही," राजा हळूच म्हणाला. "फक्त भीती तेवढी राहिली आहे. ती या शब्दाशिवायही होती." त्याने बाळाकडे पाहिले. ते हातात असल्याचा भार त्याला कळत नव्हता, इतके ते हलके झाले होते. मग तो उठला आणि त्याने बाळ तिच्या हातांत दिले. "बोल."

राणीने बाळाला छातीशी घेतले, त्याच्या कानाशी तोंड नेले आणि ती भाजलेल्या जिभेने म्हणाली,

"भूक लागली का रे माझ्या बाळाला?"

बाळाने डोळे उघडले. त्याचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, आणि त्याने असा टाहो फोडला की गच्चीवरची कबुतरे उडाली. ते दुधाला लागले. घटाघट दूध पिऊ लागले.

आणि त्या ओठांपासून शब्द पुढे गेला. दालनातली समई लागली. तिच्या पलीकडची लागली. मग अंगणातले, रस्त्यातले, वेशीवरचे दिवे एकामागून एक लागत गेले, आणि गच्चीवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांना अंधार नगरातून मागे सरकताना दिसला. नदीवर होड्या घाटाला लागल्या. नावाडी उतरले आणि पायरीवर डोके टेकून बसले. आयांनी मुलांना एकाएकी उराशी धरले, इतके घट्ट की मुले ओरडली. भाऊ भावाच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला. राजा सोमकीर्ती पहिल्यांदा ढसढसा रडला, मग राणीच्या पायाशी भिंतीला टेकला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

नगराच्या टोकाला एका गवताच्या गंजीला आग लागली. लोक हंडे घेऊन धावले आणि त्यांनी ती विझवली. गंजीच्या मालकाचा, दासू गवळ्याचा, तळहात भाजला आणि त्यावर टचकन फोड आला. त्याने तो हात वर धरला. "बघा," तो म्हणाला, "अरे, बघा तरी!" लोक दिवे घेऊन जवळ आले. त्यांनी तो फोड पाहिला, एकमेकांना दाखवला, मुलांना उचलून दाखवला. कुणी फुंकर घातली, कुणी कोरफडीचे पान आणले. दासूच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि तो हसत होता.

मग घराघरांतून फोडणीचा वास आला, आणि लोक जेवायला गेले.